‘छान होतं’च्या पुढे काय बोलावे?

पत्र:

सप्रेम नमस्कार. मी इंदूरच्या लोकमान्य नगरात राहते. शाळेतून निवृत्त झाल्यानंतर आम्ही शेजारची सहा-सात घरे मिळून महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी गाणे ऐकायला बसू लागलो. प्रत्येकाने आपल्या आवडीची एक रचना आणायची, ती सर्वांनी ऐकायची आणि ऐकताना काय वाटले ते सांगायचे, एवढाच नियम. गेल्या बैठकीत मी उस्ताद अमीर खाँसाहेबांचा मारवा लावला आणि म्हटले, ‘हे ऐकताना मला भीती वाटते. तिन्हीसांजा झाल्या आहेत आणि घरात कोणीच नाही असे वाटते.’ आमच्यात गाण्याचे रीतसर शिक्षण झालेले एक ज्येष्ठ गृहस्थ आहेत. ते म्हणाले, ‘मारव्याचा भाव वैराग्याचा आहे, भीतीचा नाही. तुम्हाला राग कळला नाही.’ मी गप्प बसले. त्याच दिवशी माझ्या भाच्याने एक हेवी मेटल गाणे लावले. मला ते मुळीच आवडले नाही, तरी मी ‘छान होतं’ म्हटले. घरी परतताना तो म्हणाला, ‘मावशी, तुला आवडलं नाही ते दिसत होतं. मग छान कशाला म्हणालीस?’ आता तो येणार नाही म्हणतो. एक शेजारीण दर वेळी जुने चित्रपटगीत लावते आणि कॉलेजच्या आठवणी सांगत बसते. एक गृहस्थ कधी काहीच बोलत नाहीत. रागदारी कळत नसेल तर आपल्याला काय वाटले ते बोलावे की नाही? न आवडलेल्या संगीताविषयी काय बोलावे? की हे बोलणे बंद करून नुसते ऐकावे? आणि मोबाईलवर लावलेले गाणे सर्वांना नीट ऐकू येत नाही, त्यावर काही उपाय आहे का?

— एक श्रोती, इंदूर

उत्तर:

ताई, सप्रेम नमस्कार.

बोलणे बंद करू नका. नुसते ऐकायचे असते तर प्रत्येकाने आपापल्या घरी ऐकले असते. तुम्ही एकत्र बसता ते त्याच रचनेत दुसऱ्याला काय सापडले हे कळावे म्हणून. तुमच्या बैठकीत बिनसले आहे ते एवढेच, की कोण कशाविषयी बोलत आहे याचा गोंधळ होतो आहे, आणि तो निस्तरता येण्यासारखा आहे.

आधी मारव्याविषयी लिहिते, कारण तुमच्या गप्प बसण्याचे मूळ तिथे आहे. ऐकताना आपल्याला भीती वाटते, असे तुम्ही म्हणालात. मारवा हा भयाचा राग आहे असे विधान तुम्ही केलेच नव्हते; त्या गृहस्थांनी खोडून काढले ते मात्र हे न केलेले विधान. स्वतःला काय वाटले हे सांगणाऱ्याची चूक दुसऱ्याला काढता येत नाही, कारण त्या गोष्टीचा साक्षीदार तो एकटाच असतो. रागाविषयी, तालाविषयी, गायकाविषयी किंवा रचनाकाराविषयी आपण काही सांगितले, तर ते बरोबर किंवा चूक ठरू शकते, आणि तिथे जाणकाराने अडवले तर त्याचे ऐकावे. उद्या तुम्ही मारव्याला पूरिया म्हणालात आणि त्यांनी दुरुस्ती सुचवली, तर ती त्यांची मेहेरबानी समजा. तुमच्या भीतीची दुरुस्ती करण्याचा अधिकार मात्र त्यांच्याकडे नाही, आणि खरे सांगायचे तर त्या भीतीचा उगम त्यांनाच सर्वांत चांगला सांगता आला असता.

तो उगम मी थोडक्यात मांडते. मारव्यात रिषभ (रे) कोमल आणि मध्यम (म) तीव्र असतो, बाकीचे स्वर शुद्ध असतात आणि पंचम (प) मुळीच घेत नाहीत. षड्जाच्या, म्हणजे ‘सा’च्या, खालोखाल कानाला सर्वांत स्थिर वाटणारा स्वर पंचम. तोच काढून घेतला की ऐकणाऱ्याचा एक आधार जातो. दुसरा आधार षड्जाचा, आणि मारव्यात तोही सहजासहजी मिळत नाही. गायक रिषभावर आणि धैवतावर (ध) मुक्काम करतो, षड्जाला वळसा घालून पुन्हा रिषभावर येतो, आणि या साऱ्या वेळात तानपुऱ्यावर षड्ज अखंड वाजत असतो. गळा त्या षड्जाच्या अगदी लगत थांबलेला आणि तरी त्यावर न टेकलेला, अशी ती अवस्था आहे. घराचा दिवा दिसतो आहे आणि दाराशी उभ्या असलेल्या माणसाला कोणी आत घेत नाही, तसे काहीसे. त्यात हा राग सूर्यास्ताचा. तिन्हीसांजेला घरात कोणी नाही असे तुम्हाला वाटले असेल, तर तुमच्या कानांनी मारवा फार नीट ऐकला, असेच मी म्हणेन.

तुम्ही लावलेले ध्वनिमुद्रण बहुधा १९६० साली निघालेल्या त्या प्रसिद्ध तबकडीतले असावे, जिच्या एका बाजूला मारवा आहे आणि दुसऱ्या बाजूला दरबारी. त्यातल्या मारव्याच्या विलंबित, म्हणजे संथ, बंदिशीचे शब्द आहेत ‘पिया मोरे अनत देस’. आपला प्रियकर परक्या मुलखात आहे, असे एक स्त्री सांगते आहे. म्हणजे घर रिकामे असल्याची गोष्ट शब्दांतही आहे, आणि झूमरा तालाच्या चौदा मात्रा खाँसाहेब इतक्या संथ लयीत चालवतात की त्या रिकामेपणाला भरपूर जागा मिळते. पुढे द्रुत, म्हणजे जलद, बंदिश येते तिचे शब्द आहेत ‘गुरु बिन ज्ञान न पावे’. इथे त्या गृहस्थांचे वैराग्य आले. दोघांच्याही बोलण्याला एकाच ध्वनिमुद्रणात आधार आहे. तुम्ही पहिल्या भागात थांबलात, ते दुसऱ्या भागात पोचले होते. मला स्वतःला या मारव्यात भीती जाणवत नाही आणि वैराग्यही जाणवत नाही. फार चालून आलेल्या माणसाचा थकवा जाणवतो. हे तिसरे मत आहे, आणि ते पहिल्या दोघांना खोटे पाडत नाही.

त्या गृहस्थांची बाजूही मांडायला हवी. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी संधिप्रकाश रागांची (दिवस-रात्रीच्या संधिकाळी गायच्या रागांची) सांगड शांत आणि करुण रसांशी घातली होती, त्यामुळे त्यांचे म्हणणे परंपरेला धरून आहे. पण अशी सांगड ही ढोबळ वाटखूण असते. पूरिया, मारवा आणि सोहनी या तिन्ही रागांचे स्वर तेच आहेत. तरी पूरिया गंभीर राहून गांधार-निषादावर (ग-नी) स्थिरावतो, मारवा रिषभ-धैवतावर ताटकळत ठेवतो आणि सोहनी तारसप्तकात जाऊन चंचल होते. स्वरांची यादी एकच असताना भाव इतके पालटत असतील, तर एका रागाला एक शब्द चिकटवून बैठक मिटवणे हे त्या रागावरही अन्यायाचे आहे. हे त्यांच्याशी वाद घालण्यासाठी वापरू नका. पुढच्या वेळी त्यांना एवढेच विचारा, ‘काका, मला इथे जी धास्ती वाटली ती कोणत्या स्वरामुळे वाटली असेल?’ ज्या माणसाने गाणे शिकण्यात आयुष्याची काही वर्षे घातली आहेत, त्याला निवाडा करायला सांगितले की तो निवाडाच करतो आणि स्वर दाखवायला सांगितले की स्वर दाखवतो. दुसऱ्या कामात तो स्वतःही अधिक रमतो, असा माझा अनुभव आहे. वयाने आणि ज्ञानाने मोठ्या माणसाला चारचौघांत ‘तुम्ही चुकलात’ म्हणण्याची गरज त्यामुळे पडणार नाही.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाचे सरळ उत्तर. रागाचे नाव माहीत नसेल तरी बोलावे, पण बोलताना जागा दाखवावी. ‘मला भीती वाटली’ हे वाक्य खरे असले तरी ऐकणाऱ्याला त्यात शिरायला वाट मिळत नाही. ‘सुरुवातीला आवाज खाली खर्जात उतरतो आणि बराच वेळ वर येत नाही, तिथे मला भीती वाटली’ असे म्हटले की बाकीच्यांना ती जागा पुन्हा लावून ऐकता येते. पूर्वी मैफलीत ही सोय नव्हती, गेलेली तान गेली. तुमच्या हाती ध्वनिमुद्रण आहे, त्याचा उपयोग करून घ्या. जागा दाखवायला स्वरज्ञान लागत नाही. ‘तबला थांबतो तिथे’, ‘दुसऱ्यांदा तोच शब्द येतो तिथे’, ‘व्हायोलिन सुरू होण्याच्या आधी’ एवढे पुरते. आणि जागा दाखवता येत नसेल, तर ती रचना एकदा आणखी ऐकावी आणि मग बोलावे. अनेकदा असे आढळते की आपल्याला आवडले आहे असे आपण समजत होतो ते गाणे नसून गायकाचे नाव होते. (हे नाट्यसंगीताच्या बाबतीत आपल्या मराठी घरांत फार होते, पण तो विषय निराळा.)

जागेला दाद देण्याची ही रीत आपल्यासाठी नवी नाही. मैफलीत गायक अवघड वळण घेऊन अचूक समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) आला की पुढच्या रांगेतून ‘क्या बात है’ उमटते, आणि ती दाद त्या क्षणाची असते, कार्यक्रम संपल्यावरच्या आभारप्रदर्शनातली नसते. पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या सभागृहात आज शेवटचा भाग संपेपर्यंत कोणी टाळी वाजवत नाही, म्हणून ती मंडळी कोरडी, असा आपला समज होतो. पूर्वी तिथेही तसे नव्हते. १७७८ साली पॅरिसमध्ये मोझार्टची सिंफनी वाजली, तेव्हा पहिल्याच भागाच्या मध्यावर एक जागा आली आणि श्रोत्यांनी वाजवणे चालू असतानाच टाळ्या दिल्या. मोझार्टने वडिलांना लिहिलेल्या पत्रात हे आनंदाने कळवले आहे. ती जागा लोकांना आवडणार हे लिहितानाच ठाऊक असल्यामुळे आपण ती शेवटी पुन्हा आणली, असेही त्याने लिहिले आहे. जॅझमध्ये एकेका वादकाचा एकल भाग संपला की मधेच टाळ्या पडतात. कव्वालीत ऐकणारा एखाद्या मिसऱ्याशी, म्हणजे काव्याच्या ओळीशी, अडकला, तर कव्वाल तोच मिसरा पुन्हा पुन्हा गातो. प्रत्येक संगीतप्रकाराने श्रोत्याच्या प्रतिसादाला अशी कुठे ना कुठे जागा ठेवलेली आहे, आणि तुमच्या बैठकीत ती ठरवण्याचे काम तुमचे आहे.

इथे माझी एक सूचना आहे, जी कदाचित त्या गृहस्थांना आणि तुमच्या शेजारणीला सुरुवातीला रुचणार नाही. ज्याने रचना आणली त्याने सर्वांत शेवटी बोलावे. ‘आता एक फार करुण गाणे ऐकवतो’ असे सांगून गाणे लावले, की सगळे करुण ऐकतात आणि मग सगळेच करुण होते असे म्हणतात; त्या बोलण्यातून कोणालाही नवे काही मिळत नाही. रागाचे नाव, गायकाची थोरवी, गाण्यामागची कथा हे सारे नंतर येऊ द्या. अपवाद भाषेचा. रचना बंगाली, पंजाबी, तमिळ किंवा इंग्रजी असेल आणि निम्म्या लोकांना शब्द कळणार नसतील, तर दोन वाक्यांत अर्थ आधी सांगावा, नाहीतर लोक गाण्यापेक्षा अर्थाच्या शोधात गुंततात.

शेजारणीच्या आठवणींना तुम्ही कंटाळला आहात, हे पत्रातल्या ‘सांगत बसते’ या शब्दांवरून दिसते. तरीही आठवणींना बंदी घालू नका. ज्या पिढीने दर बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर गीतमाला ऐकली, तिच्या कानात गाणे आणि आयुष्य वेगळे काढता येत नाही, आणि काढायचे कारणही नाही. अडचण अशी आहे की दुसऱ्याच्या कॉलेजच्या आठवणीला मान डोलावण्यापलीकडे कोणाला काही करता येत नाही, आणि बोलणे तिथेच संपते. म्हणून तिला आठवण सांगू द्या आणि मग विचारा, ‘आणि गाण्यात कुठे?’ समजा, तिने १९४९ च्या ‘महल’मधले ‘आएगा आनेवाला’ आणले. या गाण्याच्या सुरुवातीच्या ओळींना ताल नाही. आवाज दुरून येतो आहे असे वाटावे म्हणून लताबाई मायक्रोफोनपासून दूर उभ्या राहून, गात गात जवळ आल्या होत्या, आणि संगीतकार खेमचंद प्रकाशांनी तालाचा ठेका त्यानंतर येऊ दिला आहे. तो ठेका सुरू होतो त्या क्षणी काय होते, हे तुमच्या भाच्यालाही सांगता येईल, जरी त्या काळाची त्याची एकही आठवण नसली तरी. त्याच गाण्याच्या पहिल्या तबकड्यांवर गायिकेचे नाव चित्रपटातल्या पात्राचे, म्हणजे ‘कामिनी’ असे छापले होते, हे सांगायलाही हरकत नाही. इंदूरच्या माणसांना आपल्या गावात जन्मलेल्या मुलीविषयीची अशी गोष्ट ऐकायला नेहमीच आवडते. पण ती गाणे ऐकून झाल्यावर सांगावी.

आता भाचा. इथे मला तुमच्याशी थोडे कठोर व्हावे लागेल. त्या गृहस्थांनी तुमच्या प्रतिसादाला चूक ठरवले, पण निदान तो त्यांनी ऐकला तरी होता. तुम्ही ‘छान होतं’ म्हणून भाच्याला काहीच दिले नाही. एवढ्या वडीलधाऱ्या माणसांत, ज्यांना हे संगीत आवडणार नाही हे त्याला पुरते ठाऊक होते, त्या मुलाने आपले आवडते गाणे आणून लावले, ही त्याची हिंमत होती. ‘मला तुझे गाणे आवडले नाही, पहिला बराच वेळ मला नुसता आवाज ऐकू आला, मग मधेच ते संथ झाले तिथे मी सावरून बसले, पण पुन्हा वेग वाढला आणि माझा धागा सुटला’ असे तुम्ही म्हणाला असतात, तर तो तुमच्यावर रागावला नसता. नावड सांगतानाही जागा दाखवता येते. टाळायचे ते निकाल देणे. ‘हे काय संगीत आहे का’, ‘आमच्या वेळी’, ‘याला सूरच नाही’ ही वाक्ये म्हणजे मारव्याच्या वेळी तुम्हाला ऐकावे लागले त्याचीच भावंडे आहेत.

भाच्याने कोणते गाणे लावले ते तुम्ही लिहिलेले नाही, म्हणून मी या प्रकाराच्या मुळाशी असलेल्या एका गाण्याविषयी लिहिते. १९७० साली बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सॅबथ या वाद्यवृंदाची पहिली तबकडी निघाली. तिच्या पहिल्याच गाण्याचे नावही ‘ब्लॅक सॅबथ’ असे आहे, आणि त्याचा सगळा डोलारा गिटारच्या तीन सुरांवर उभा आहे: खालचा षड्ज, वरचा षड्ज आणि तिथून खाली येऊन तीव्र मध्यम. षड्ज आणि तीव्र मध्यम यांच्यातले अंतर पाश्चात्त्य कानांना शतकानुशतके बेचैन करत आले आहे, आणि त्या मंडळींनी ते नेमके बेचैन करण्यासाठीच वापरले. गंमत अशी की तोच तीव्र मध्यम आपल्या यमनात असतो आणि तिथे आपण शांत बसून ऐकतो, कारण यमनात त्याच्या पाठीशी गांधार आणि पंचम उभे असतात. या गाण्यात तो एकटा सोडून दिला आहे. मारव्यातही पंचमाचा आधार काढून घेतल्यामुळेच तुम्हाला धास्ती वाटली होती. म्हणजे भाच्याला जे ऐकायला आवडते आणि तुम्हाला मारव्यात जे जाणवले, त्यांच्यात पुष्कळ जवळीक आहे. हे तुम्ही त्याला सांगा, आणि त्या ज्येष्ठ गृहस्थांनाही ते तीन सूर ओळखायला द्या. त्यांना ते तत्काळ ओळखता येतील आणि भाच्याला त्यांच्याविषयी आदर वाटेल.

गिटारचा तो खरखरीत आवाज कानाला टोचतो, हे मी समजू शकते. तो बिघाड मात्र नव्हे. वाद्याच्या आवाजाला मुद्दाम अति दाब देऊन त्यातले वरचे उपस्वर फुलवलेले असतात. आपणही तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी काढतो ती तारेचे उपस्वर खुलावेत म्हणूनच; मार्ग वेगळा आणि मात्रा फार सौम्य, पण हेतू एकाच जातीचा आहे. आणखी एक गोष्ट: या संगीतात गिटारवर जोडीने वाजणारे स्वर पुष्कळदा फक्त षड्ज आणि पंचम असतात, गांधार वगळलेला असतो. षड्ज-पंचमाच्या तानपुऱ्यासमोर जन्म गेलेल्या कानांना यात ओळखीचे काहीच सापडू नये, हे मला पटत नाही. आवडेल असे मी म्हणत नाही. खुद्द मला एका बैठकीत अशी दोन गाणी पुरतात.

दोघांच्या मधला एखादा टप्पा हवा असेल, तर जॅझवादक माइल्स डेव्हिसच्या १९५९ सालच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या तबकडीमधली ‘सो व्हॉट’ ही पहिली रचना लावा. ती नऊ मिनिटांची आहे. जॅझमध्ये एरवी स्वरसंघ (एकत्र वाजणारे स्वर) भराभर बदलतात आणि ख्याल ऐकणाऱ्याची त्यात दमछाक होते. इथे तसे होत नाही. सुरुवातीला खर्जातले मोठे वाद्य एक वाक्य विचारते आणि बाकीचे दोन सुरांत उत्तर देतात. मग सोळा आवर्तनखंड (चार-चार मात्रांचे तुकडे) एकाच स्वरसमूहात जातात, आणि तो स्वरसमूह आपल्या काफी थाटाचाच आहे. पुढच्या आठ खंडांत सगळा षड्जच अर्ध्या स्वराने वर सरकतो आणि शेवटच्या आठांत परत मूळ जागी येतो. हे बत्तीस खंड पुन्हा पुन्हा फिरत राहतात आणि त्यांवर एकेक वादक आपली बढत करतो. षड्ज सरकतो ती जागा ज्याला पहिल्यांदा सापडेल त्याने हात वर करावा, असा खेळ करून पाहा. रागसंगीत ऐकणाऱ्यांना ती चटकन सापडते, कारण आपल्याकडे रागाच्या मध्यावर षड्ज असा हलत नाही.

हे सगळे शास्त्रीय संगीताच्या बैठकीत शोभत नाही, असे कोणी म्हणालेच, तर देवासचे उदाहरण द्या. ते तुम्हाला जवळचे आहे. १९४८ मध्ये क्षयाने आजारी पडलेले कुमार गंधर्व हवापालटासाठी तिथे येऊन राहिले. गाणे बंद होते, आणि त्या सक्तीच्या विश्रांतीत त्यांच्या कानावर माळव्यातल्या बायकांची गाणी आणि नाथपंथी जोग्यांची भजने पडत राहिली. त्या लोकधुनांमधून त्यांना रागांचे बीज सापडले. मालवती, लगनगंधार, सहेली तोडी हे त्यांचे धुनउगम राग त्यातूनच आले. दळताना, लग्नात, सणावाराला गाणाऱ्या बायकांच्या तोंडचे चार सूर ऐकून एवढ्या मोठ्या गवयाने ‘हे शास्त्रात बसत नाही’ असे म्हटले नाही. ते चार सूर कुठे जात आहेत, याकडे त्यांनी कान दिला.

न बोलणाऱ्या गृहस्थांना बोलते करण्याचा आग्रह धरू नका. २०१४ साली बार्सिलोनाच्या संशोधकांनी दाखवून दिले, की काही माणसांना ऐकण्यात कसलाही दोष नसताना आणि इतर गोष्टींचा आनंद व्यवस्थित घेता येत असताना संगीतापासून मात्र आनंद मिळत नाही. तुमचे गृहस्थ त्यांतले नसावेत, कारण तसे असते तर ते दर महिन्याला आले नसते. त्यांची पाळी आली की त्यांनी मान हलवावी आणि पाळी पुढे जावी. कधी त्यांनी एखादी जागा पुन्हा लावायला सांगितली, तर तेवढे बोलणे पुष्कळ आहे.

भाच्याला परत बोलावण्यासाठी माफीचे लांबलचक बोलणे करू नका. मुलांना त्याने अवघडल्यासारखे होते. त्याला फोन करून सांगा, ‘तुझे ते गाणे मी पुन्हा ऐकणार आहे, त्यात मी कान कशावर ठेवू ते सांग.’ ख्यालात आपण समेची वाट पाहतो तशी त्याच्या गाण्यात तो कशाची वाट पाहतो, हे त्याला सांगावे लागेल, आणि बहुधा आजवर त्याला हे कोणी विचारलेले नसेल. शक्य असल्यास पहिल्यांदा एक-दोन मिनिटांचाच भाग ऐकवायला सांगा आणि मग पूर्ण गाणे लावा. ख्यालाच्या बाबतीत उलटे करा. विलंबिताचा सुरुवातीचा आलाप कापून थेट द्रुतावर जाण्याचा मोह पुष्कळांना होतो, आणि तसे केले की मारव्यातले ते ताटकळणेच निघून जाते. त्यापेक्षा दर बैठकीला एकच लांब रचना ठेवावी आणि बाकीच्या तीन-चार मिनिटांच्या. प्रत्येकाला सारखी वेळ देण्याचा हट्ट धरला, तर ख्याल आणणाऱ्यावर नेहमी अन्याय होईल.

राहिला मोबाईलचा प्रश्न. तो मला वरवरचा वाटत नाही, कारण तुमच्या दोन्ही तक्रारींत त्याचा थोडा वाटा असू शकतो. मोबाईलच्या एवढ्याशा स्पीकरमधून खर्ज बाहेरच पडत नाही. मेटलमधले खालचे सूर आणि मोठ्या ढोलाचा धक्का नाहीसा होऊन फक्त वरची खरखर उरते, आणि मग ते संगीत खरोखरच असह्य होते. मारव्यातही तानपुऱ्याचा खालचा षड्ज ऐकू आला नाही, तर गायक कशापासून दूर राहतो आहे हेच कळत नाही. सर्वांनी वर्गणी काढून एक बऱ्यापैकी स्पीकर घ्यावा, मोबाईल त्याला जोडावा आणि तो खोलीच्या कोपऱ्यात न ठेवता भिंतीपासून थोडा पुढे, बसलेल्या माणसांच्या कानांच्या उंचीवर ठेवावा. आवाज आधी त्या ज्येष्ठ गृहस्थांना विचारून लावा. या वयात काही पट्ट्या कमी ऐकू येतात आणि ते सांगायला माणूस संकोचतो. पुढच्या शनिवारी मारवा पुन्हा लावणार असाल, तर चहा आधी उरकून घ्या आणि सूर्य मावळायच्या सुमारास सुरू करा.